मावशींचं वळायचं इंजिन

“वर जानं कुनालाबी जमतंय, मास्तर. वर गेल्यावर वळता आलं पायजे!”

हे वाक्य मावशी उलथनं आढ्याकडे रोखून म्हणत. उलथनं नुकतंच तव्यावरून उचललेलं असे, त्यामुळे पंगतीतले आम्ही सगळे जरा मागे सरकत असू. खानावळीत नव्याने आलेल्या माणसाला वाटे, मावशी आमदारांबद्दल बोलतायत. बँकेत बदलून आलेला एक कॅशियर तर पहिल्याच दिवशी घाबरून दाराकडे बघायला लागला.

“मावशी, हळू बोला. बाहेर कुणी ऐकेल.”

“ऐकू द्या की! माज्या बबनचं इंजान हाय ते. लपवायचं काय त्यात?”

कॅशियर आणखीनच गोंधळला आणि त्या गोंधळात एक भाकरी जास्त खाऊन गेला. मावशींच्या खानावळीत गोंधळलेल्या माणसाच्या ताटात नेहमीच एक भाकरी जास्त पडे.

कोल्हारच्या हायस्कुलात मी भूगोल शिकवायला गेलो तेव्हा एकटाच होतो, आणि एकट्या माणसाला जेवायला त्या गावात दोनच जागा होत्या. एक, नगर-मनमाड रस्त्यावरचं हॉटेल. तिथला रस्सा इतका जहाल असे की शिर्डीला निघालेल्या माणसाला देव तिथेच आठवे. दुसरी जागा म्हणजे भगवतीच्या देवळाकडे वळताना लागणारी मावशींची खानावळ. खानावळ म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली, चार पाट आणि मागे धुरकटलेली चूल. मावशी ठेंगण्या, काटक. हिरव्या नाहीतर चॉकलेटी रंगाचं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, धुराने कायम लाल झालेले डोळे. त्यांना नाव होतंच, पण रेशनकार्डाबाहेर ते कुणी वापरल्याचं मला आठवत नाही.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या ताटात त्या भाकरी टाकतात आणि ‘वाढा’ म्हणणाऱ्याच्या पोटाकडे आधी टक लावून बघतात. आम्ही तिघे रोजचे जेवणारे होतो: मी, पाटबंधारे खात्यातले एक ओव्हरसियर आणि गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. ओव्हरसियरना वाद घातल्याशिवाय अन्न पचत नसे. कंपाउंडरला वादाशिवायही पचे, पण ऐकायला आवडे.

मुलगा बबन पाळण्यात असतानाच मावशींचे मालक तापाने गेले. लोकांना जेवू घालून मावशींनी त्याला शिकवलं. बबन हुशार निघाला, पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला आणि थेट दक्षिणेत, समुद्रकाठी अग्निबाण उडवतात तिथे नोकरीला लागला. मुलगा स्वभावाने अगदी मुखदुर्बळ. घरातली सगळी बडबड त्याच्या वाट्याच्या शब्दांसकट आईलाच मिळाली असावी. जेवताना मीठ हवं असलं तर तो मिठाकडे बघत बसे.

त्याला नोकरी लागल्याचं कळलं त्या आठवड्यात मावशी मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या नकाशात माजा बबन कुठं हाय ते दावा.”

मी भिंतीवरच्या नकाशात नगर दाखवलं आणि तिथून बोट खाली नेऊ लागलो. बोट खाली, आणखी खाली. नकाशाचा तो कोपरा जमिनीला टेकत होता, म्हणून मावशी फरशीवर बसल्या.

“येवढा खाली?”

“हो.”

“येवढं खाली जाऊन मंग वर उडवायचं? हितनंच उडवलं अस्तं तर तेवढं तरी अंतर वाचलं अस्तं!”

माझ्याकडे उत्तर होतं, पण तोवर घंटा झाली.

बबन पहिल्या सुट्टीवर आला आणि आईने कामाचं विचारलं तेव्हा त्याने एका वाक्यात सांगितलं की इंजिनात जी दारू जळते त्या कामावर मी आहे. मावशींनी ते वाक्य जसंच्या तसं गावभर केलं. आता, आमच्या भागात साखर कारखाने. कारखान्याशेजारी मळीपासून स्पिरिट काढणारेही कारखाने. तेव्हा बबन दारूच्या कामावर आहे म्हटल्यावर गावाने सरळ अर्थ लावला. “पगार बरा असंल,” लोक म्हणत. “आन् वर काय मिळतंय ते येगळंच.” कंपाउंडरने तर एकदा वाटीतली आमटी ढवळत हळूच विचारलं, “मावशी, बबनराव दिवाळीला येताना एखादी बाटली आनतील का? औषदापुरती?” पुढे आठ दिवस त्याच्या भाजीत फोडी नव्हत्या, नुसता रस्सा होता.

दिवाळीत बबन आला तेव्हा मावशींनी त्याला चुलीपुढे बसवलं. “आता नीट सांग. काय काम हाय तुजं?” आम्ही पाटावर बसलेलो होतो, त्यामुळे हा खुलासा आम्हालाही मिळाला.

“आई, रॉकेट वर नेतात ते काम दुसऱ्यांचं. आमचं इंजिन लहान, आत्ता प्रयोगापुरतं. उपग्रह वर पोचला की त्याची वाट बदलायची, एवढंच ते करतं.”

“वाट? तितं रस्ता हाय?”

बबन अडला. शब्द सापडेना म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. परातीत आईने थापायला घेतलेली भाकरी होती. बोलण्याच्या नादात ती लांबोळी झाली होती. त्याने तिच्याकडे बोट केलं.

“ही बघ. वर सोडला की उपग्रह पृथ्वीभोवती असा लांबोळा फिरतो. एकीकडनं जवळ, दुसरीकडनं लांब. त्याला गोल फिरवायचाय. मग तो लांबच्या टोकाला पोचला की आमचं इंजिन पेटवायचं, थोडा रेटा द्यायचा आणि बंद करायचं.”

मावशींनी भाकरीकडे पाहिलं. तळव्याच्या कडेने तिला एक रेटा दिला. भाकरी गोल झाली.

“हे असं?”

“अगदी असं.”

“आन् ह्याच्यासाटी तू पुन्याला येवढी वर्सं शिकला?”

ओव्हरसियरना ठसका लागला. बबन मात्र गंभीरपणे म्हणाला, “हो.”

“बरं, काडी कोन लावतंय तितं वर?”

“काडी लागत नाही. दोन पातळ औषधं असतात, दोन टाक्यांत. आपापल्या टाकीत दोघंही गप्प. एकमेकांना भेटली की आपोआप पेट घेतात.”

“म्हंजी जावा,” मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मावशींना अवकाशातलं सगळं कळलं. कळलेलं बरोबर होतं की चूक, हा प्रश्न वेगळा. पंगतीला बसलेल्या प्रत्येकाला त्या इंजिनाची माहिती मिळे. उसाच्या गाडीवानांना मिळे, एसटीच्या कंडक्टरला मिळे. भाकरी, उलथनं आणि जावा एवढ्या सामग्रीवर त्या उपग्रह गोल फिरवत. “जावा भेटल्या की काडी लावायला तिसरं कुनी लागत न्हाई,” हे वाक्य आलं की गाडीवान मनापासून मान डोलवत. त्यांना यंत्र कळलं नसेल, पण त्यातला धोका नक्की कळला होता.

एकदा ओव्हरसियरनी डिवचलं. “पण मावशी, मधेच खाली पडलं तर?”

“पडंल कसं? तुमी बांधलेली मोरी हाय का ती?”

ओव्हरसियरनी त्या दिवशी ताक न पिताच हात धुतले.

दुष्काळाचं साल आलं तेव्हा रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतली ज्वारी, मिळू लागला. ते पीठ वळायला तयार नसे. भाकरी थापली की कडा फुटत, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन प्रांत होत. मावशी त्या तुकड्यांकडे बघून म्हणत, “अमेरिकेनं मानूस धाडला चंद्रावर, आन् आपल्याला धाडली ही ज्वारी!” इतर लोक दुष्काळाला शिव्या देत, मावशी थेट अमेरिकेशी बोलत. आम्ही तुकडे वेचून खात असू आणि हसत असू. त्या वर्षी हसायला दुसरं फारसं काही नव्हतं.

बबनच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली ती याच सुमाराला. पहिल्या स्थळाकडची माणसं ‘दारू’ हा शब्द ऐकून कपातला चहा तसाच ठेवून उठली. दुसऱ्या स्थळाकडची आजी खमकी होती. तिने विचारलं, “त्या बाणात तुमच्या पोराला बसावं लागतंय का?” मावशी खोटं बोलत नसत. म्हणाल्या, “आजून तरी न्हाई.” त्या ‘आजून’ने ते स्थळ गेलं.

तिसरं स्थळ राहुरीकडचं. मुलगी मॅट्रिक झालेली, नाव सुमन. वडील साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात. मावशी मला म्हणाल्या, “मास्तर, तुमी चला संगं. मी बोल्ले की लोक उठून जात्यात.”

मे महिन्यात बबन चार दिवसांच्या रजेवर आला. मी त्याला आणायला स्टँडवर गेलो होतो. तो गाडीतून उतरला, हसला, आणि मला काहीतरी खटकलं. चेहरा तोच, चष्मा तोच, पण सगळ्या गोष्टींचं आश्चर्य वाटत असल्यासारखा दिसत होता. पिशवी हातात घेताना माझ्या लक्षात आलं. त्याला भुवया नव्हत्या. कपाळावरचे केस टोकाला करपून आखडले होते आणि डाव्या मनगटाला पट्टी होती.

“काही नाही सर,” तो म्हणाला. “चाचणी होती. एक औषध जरा आधी पोचलं, दुसरं मागनं आलं. भडका बाहेर आला.”

आईलाही त्याने हेच सांगितलं. मावशी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आता त्या जावांबद्दल काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. त्या आत गेल्या आणि पीठ मळायला बसल्या.

त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. भाजीतही नव्हतं. कंपाउंडरने माझ्याकडे पाहिलं, मी ओव्हरसियरांकडे. भाताचं शीत जरा कच्चं राहिलं तरी तक्रार करणारा तो माणूस खाली मान घालून अळणी आमटी भुरकत होता. वाटी संपल्यावर त्यांनी ती पुढे केली आणि म्हणाले, “मावशी, अजून वाढा. आज झकास झालीय.”

जेवणं झाल्यावर मावशींनी मला मागच्या दारी बोलावलं. भांड्यांचा ढीग पडला होता, पण त्यांनी राखेला हात लावला नव्हता.

“मास्तर, खरं सांगा. त्यो मला सांगायचा न्हाई. ह्ये परत हुईल का?”

“नाही हो. तिथे सगळी शिकलेली माणसं आहेत. काळजी घेत असतील.”

“तुमाला म्हाईत हाय का?”

“नाही.”

“मंग तसं सांगावं,” त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मावशींनी कंबर कसली. मुलगी बघायला बिनभुवयांचा नवरा न्यायचा नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. बबनला पाटावर बसवून त्या काजळाची डबी घेऊन पुढ्यात बसल्या. डावी भुवई चांगली उतरली. उजवी थोडी वर गेली. उजवीला शोभावी म्हणून डावी जाड केली, डावीला शोभावी म्हणून उजवी लांबवली. शेवटी आमचा इंजिनिअर तमाशातल्या राजासारखा दिसू लागला.

“आई, पुसून टाक,” बबन म्हणाला.

“गप बस. झाक दिसतंय. मास्तर, दिसतंय ना?”

मी नकाशाचा माणूस. सीमारेषा ठळक आहेत, एवढंच म्हणालो.

“आन् आता ऐक. घाम पुसायचा न्हाई. कायबी झालं तरी हात कपाळाकडं न्यायचा न्हाई!”

मे महिना, दुपारची एसटी, पत्रा तापलेला. बबन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. कंडक्टरने तिकिटं देताना त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी याला कुठल्यातरी कचेरीत हजर करायला नेतोय असं त्याला वाटलं असावं.

मुलीचे वडील भले गृहस्थ होते. त्यांनी पाणी दिलं, पंख्याच्या वाऱ्यात बसवलं. तो छतावरचा पंखा एक फेरी घेऊन विचार करत थांबे आणि मग दुसरी घेई. मुलीची आत्या पोहे घेऊन आली. तिच्या मागून सुमन चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. बबनच्या कामाबद्दल मी बोलायचं, असं ठरलं होतं. मी ‘दारू’ हा शब्द टाळून, ‘इंधन’, ‘प्रयोग’, ‘संशोधन’ असे सगळे जड शब्द वापरून सांगितलं.

“म्हणजे दारू,” वडील म्हणाले.

आम्ही तिघांनी खाली पाहिलं.

“अहो, त्यात लाजायचं काय? आमच्याकडं विहिरीला सुरुंग लावतात, त्यात हीच की. मला ठाऊक आहे. काम वाईट नाही.” मग ते जरा पुढे सरकले. “पण धोक्याचं आहे. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या कारखान्यात बॉयलरवर इंजिनिअरची जागा निघतेय. मी शब्द टाकला तर काम होईल. तुमचं कोल्हार इथून हाकेवर. आईजवळ राहता येईल. मुलगी द्यायला मला आनंदच आहे. अट एवढीच, तिकडचं सोडायचं.”

पंख्याने एक फेरी घेतली. बबन आईकडे बघत होता. आई पोह्यांकडे. मावशी काय म्हणणार हे मला माहीत होतं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही माहीत असतं. मुलगा जवळ, नोकरी पक्की, सून घरात, आणि पुन्हा कधी अळणी आमटी नाही. आदल्या दुपारी मागच्या दारी त्यांनी मला दुसरं काय विचारलं होतं?

“दादा, तुमचं...” मावशींनी सुरुवात केली.

“पण वर हवा नसते ना?”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. सुमन बोलली होती. बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं असावं, पण माघार न घेता ती पुढे म्हणाली, “म्हणजे, शाळेत शिकवलं होतं. हवा नसली तर काही जळत नाही. मग तिथं इंजिन कसं पेटतं?”

बबनने मान वर केली.

“हवा बरोबर नेतो,” तो म्हणाला. “म्हणजे हवा नाही. हवेचं काम करणारं औषध. एका टाकीत जळणारं, दुसऱ्या टाकीत जाळणारं. गावाला जाताना शिदोरी नेतो ना, तशी. वाटेत काही मिळणार नाही हे माहीत असतं, म्हणून सगळं बांधूनच न्यायचं.”

आणि मग तो थांबेचना. इंजिन थोडाच वेळ जळतं, पण तो थोडा वेळ बरोबर साधावा लागतो, हे त्याने सांगितलं. कमी जळलं तर वाट लांबोळीच राहते, जास्त जळलं तर उपग्रह भलतीकडे जातो, आणि तिथे दुरुस्त करायला माणूस नसतो. म्हणून जमिनीवर पुन्हा पुन्हा पेटवून बघायचं. चांगली चाचणी झाली तर कोऱ्या मांजरपाट कापडाचं ठाण टरकन फाडल्यासारखा आवाज येतो, एकसारखा, कुठे अडखळत नाही. बशीत सांडलेल्या चहात बोट बुडवून त्याने फरशीवर लांबोळी वाट काढली, मग गोल. सुमन दार सोडून दोन पावलं पुढे आली. बोलता बोलता बबनने डावीकडून उजवीकडे कपाळ पुसलं.

“अगं बाई!” आत्या ओरडली. “भुवई गेली!”

डावी भुवई उजव्या कानापर्यंत पोचली होती. बबनने काळ्या झालेल्या हाताकडे पाहिलं. सुमनने पदर तोंडाशी धरला, पण हसू पदराला आवरेना. मावशींनी डोळे मिटून घेतले.

“हे काय?” वडील म्हणाले.

“जळाल्या,” बबन म्हणाला. “चाचणीत. ह्या आईनं काढल्या होत्या.”

वडील मावशींकडे वळले. आवाजात राग नव्हता. “बघा. मी हेच म्हणत होतो. आज भुवया गेल्या. तुम्ही आई आहात, तुम्हीच सांगा त्याला.”

मावशींनी डोळे उघडले. बबनचा काळा-पांढरा चेहरा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“दादा, तुमचं खरं हाय. मला बी भ्या वाटतंय. कालपास्नं माज्या गळ्याखाली घास उतरला न्हाई. कारखाना जवळ, पोरगं डोळ्यासमोर, मला काय नगं हाय का?” त्यांनी बबनकडे बोट केलं. “पर आत्ता ह्यो किती बोल्ला, बगितलं का तुमी? जलमल्यापास्नं येवढं बोल्ला न्हाई. आईसंगं बोल्ला न्हाई. तुमच्या बॉयलरवर ह्यो असा बोलंल का?”

वडिलांनी फरशीवर वाळत चाललेल्या चहाच्या गोलाकडे पाहिलं.

“न्हाई बोलनार. मी वळखते त्याला. मंग नगं. तुमी पोरीला दुसरं स्थळ बगा. माजा राग न्हाई.”

आणि त्या उठल्या. आम्हीही उठलो. ओट्यावर येऊन चपला पायात घातल्या. बबन नळाखाली तोंड धुऊन आला आणि पुन्हा आश्चर्यचकित दिसू लागला. तेवढ्यात आत्या लगबगीने बाहेर आली.

“थांबा जरा. पोरगी इचारती...”

“काय?”

“भुवया परत येत्यात का?”

बबनला आधी प्रश्नच समजला नाही. मग म्हणाला, “येतात की. महिन्या-दीड महिन्यात.”

आत्या आत गेली, बाहेर आली. “मंग तिची काय हरकत न्हाई.”

“अगं, पण माझी...” वडील मागून म्हणाले.

“तुजं कोन इचारतंय? तुला जायाचंय का तिकडं ऱ्हायला?”

वडील आम्हाला स्टँडवर सोडायला आले. वाटेत बबनजवळ सरकून म्हणाले, “ती शिदोरी म्हणालात, ती किती वेळ पुरते हो?”

लग्न लागलं तेव्हा भुवया निम्म्या उगवल्या होत्या, उरलेलं काम मुंडावळ्यांनी केलं. मावशींनी मांडवभर सगळ्यांना काजळाची गोष्ट सांगितली, व्याह्यांसकट. सुमन नवऱ्याबरोबर दक्षिणेत गेली. पुढच्या वर्षी तिचे दिवस भरत आले तेव्हा मावशी चार महिन्यांसाठी म्हणून निघाल्या. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला शेवटचं जेवण घातलं. ओव्हरसियर डोळे पुसत “मिरची फार पडलीय” म्हणाले, आणि ते ताटातल्या बासुंदीबद्दल बोलत होते. मावशी मग परत आल्याच नाहीत. त्या खोलीत सायकलचं दुकान निघालं.

मी त्यांना एकदाच पुन्हा पाहिलं. माझं लग्न झाल्यावर आम्ही दोघं दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेच्या सहलीला गेलो होतो. वाट वाकडी करून बबनची वसाहत शोधली. नारळाच्या झाडांमध्ये बैठ्या घरांच्या ओळी होत्या आणि एका व्हरांड्यात चॉकलेटी नऊवारीतल्या मावशी मासळीवालीशी अस्सल कोल्हारच्या भाषेत भांडत होत्या. त्या मासळी खात नसत. तरी भाव जास्त सांगितला म्हणून भांडत होत्या.

त्यांनी माझ्या बायकोला जवळ ओढून घेतलं, आलाबला घेतली, मला म्हणाल्या, “वाळलात, मास्तर.” मग सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत गावच्या चौकश्या सुरू केल्या. कंपाउंडर कुठं बदलला, पाटाला पाणी हाय का, भगवतीची जत्रा कशी झाली. आत सुमन चहा टाकत होती. नातू झोळीत झोपला होता.

एकाएकी भोंगा वाजला. लांबलचक, चढत गेलेला.

मावशी वाक्य अर्धं टाकून थांबल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि उठून व्हरांड्याच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. सुमन बाहेर आली. “चाचणी आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “हे आज तिथंच आहेत.” मी ओळीकडे पाहिलं. प्रत्येक घरातून कुणी ना कुणी बाहेर आलं होतं. म्हाताऱ्या, तरण्या, एकीच्या हाताला पीठ, एकीच्या खांद्यावर ओला टॉवेल. सगळ्या नारळांपलीकडे एकाच दिशेला तोंड करून उभ्या.

आवाज आला तो आधी पायांना कळला, मग कानांना. झावळ्यांवरचे कावळे उठले. मला तो फार वेळ चालला असं वाटलं. मग तो एकदम बंद झाला. तरीही कुणी हललं नाही. थोड्या वेळाने दुसरा भोंगा झाला, आखूड, सगळं सुखरूप असल्याचा. समोरच्या घरातली म्हातारी आपल्या भाषेत मावशींना काहीतरी म्हणाली.

“व्हय बाई, व्हय,” मावशी म्हणाल्या.

बायका एकेक करून आत गेल्या. मावशींनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, “हां, काय म्हनत हुते मी?” मी आठवण करून दिली. त्या मान हलवत ऐकत होत्या. बोटं तांदळातून फिरत होती, पण खडा एकही निघत नव्हता, कारण नजर अजून नारळांकडेच होती.